मे महिना, चार पोरं आणि नागपूरची माणसं: कोकण, महाबळेश्वर की पुण्यातलं घरच बरं?

दरवर्षी मार्च संपत आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर नणंदेचा मेसेज पडतो, "काय मग, यंदा कुठे?" त्यावर पहिले चार दिवस नुसते अंगठे येतात. पाचव्या दिवशी सासरे लिहितात, "सगळे म्हणतील तिथे." आता सगळे म्हणजे कोण हे त्या ग्रुपवर आजवर कोणालाच कळलेलं नाही, त्यामुळे ठरवायचं काम फिरून फिरून माझ्याच गळ्यात येतं. परवा एका मैत्रिणीने पण हेच विचारलं, तिच्याकडे यंदा जळगावची जाऊ दोन पोरं घेऊन येतेय, म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढते.

आधी आमची गिनती. आम्ही दोघं, आमची दोन (आता ७ आणि ४), सासू-सासरे, आणि नागपूरहून ताई म्हणजे माझी नणंद, तिचे मिस्टर आणि त्यांची दोन (१० आणि ६). एकूण दहा. २०२३ च्या मेमध्ये महाबळेश्वर केलं, २०२४ ला कोकण, गुहागरच्या पुढे माझं माहेर आहे तिथे, आणि २०२५ ला कोणाला कुठेच जायची ताकद नव्हती म्हणून पुण्यात घरीच. तीन वर्षं, तीन प्रकार, आणि माणसं तीच, त्यामुळे तुलना करायचा हक्क आहे असं मी समजते.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकते. लोक ठिकाण ठरवताना पॉइंट बघतात, हॉटेलचे फोटो बघतात, स्विमिंग पूल आहे का विचारतात. मी आता फक्त दोनच प्रश्न विचारते: दुपारी १२ ते ४ पोरं कुठे असणार, आणि ओट्यापाशी कोण उभं राहणार. सकाळ आणि संध्याकाळ कुठेही छान जाते हो, सुट्टी बिघडते ती दुपारी.

प्रवास

महाबळेश्वर पुण्यापासून १२० किलोमीटर. वाईला थांबून काहीतरी खायचं, पसरणीचा घाट चढायचा, पाचगणी आली की झालंच. कागदावर तीन तास. आम्ही शहाणपणा करून शनिवारी निघालो आणि पाचगणी ते महाबळेश्वर जे १८-१९ किलोमीटर आहेत त्यालाच दोन तास लागले, वेण्णा लेकपाशी तर गाड्या नुसत्या उभ्या, धाकटी तेव्हा एक वर्षाची होती आणि तिला गाडी चालू असली तरच झोप लागायची. तेव्हा महाबळेश्वर करायचं तर सोमवारी जा आणि गुरुवारी या, शनिवार-रविवार फुकट दिला तरी घेऊ नका.

कोकण लांब आहे, यात वाद नाही. आमच्या गावाला दोन रस्ते, एक ताम्हिणीतून माणगावला उतरून महामार्गाने महाड-खेड-चिपळूण, दुसरा साताऱ्यावरून कराड आणि मग पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाट. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी काही बोलत नाही, ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीये. पोरं उलट्या करणारी असतील तर मी कराडचा रस्ता सांगेन, कारण कराडपर्यंत रस्ता सरळ आहे आणि वळणं सगळी एका घाटात उरकतात, ताम्हिणीत मात्र निघाल्यापासून तासाभरात पोट ढवळायला सुरुवात होते. थांबत थांबत आम्हाला आठ तास लागले. निघायच्या आधी दूध देऊ नका, कोरडे कुरमुरे किंवा पोळीचा तुकडा द्या, आणि मागच्या सीटवर मोबाईल अजिबात नको, तो बघत बसलं की घाटात हमखास होतंच. आणि वेळ असेल तर दापोलीवरून या, दाभोळला गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि धोपाव्याला उतरायचं. पाण्यावर असतो तो वेळ थोडाच, पण आपली गाडी बोटीत उभी आहे आणि आपण बाहेर येऊन कठड्याला धरून उभे आहोत हे माझ्या पोराला अख्ख्या सुट्टीत सगळ्यात भारी वाटलं होतं.

सासऱ्यांचं म्हणणं वेगळंच असतं, ते ७५ च्या पुढचे, त्यांना एसटी फुकट, बायकांना अर्धं तिकीट, मग "एसटीने का जाऊ नये" हा प्रश्न दरवर्षी एकदा येतो. तुमची पोरं ८-१० च्या पुढची असतील तर खरंच का जाऊ नये. चार वर्षांची पोरगी आणि तिची पॉटी घेऊन मात्र नको.

आता नागपूरकरांचं बघा. ते पुण्याला येईपर्यंतच एक रात्र मोडलेली असते. गेल्या ऑगस्टपासून नागपूरच्या अजनी स्टेशनवरून पुण्याला वंदे भारत आहे, चकाचक आहे, पण दिवसाचे १२ तास खुर्चीत बसून, लहान मुलं घेऊन मला तरी रात्रीचीच गाडी बरी वाटते, निदान झोपतात. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही, म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्याचं तिकीट मार्चच्या मध्याला घेऊन ठेवायचं. आणि पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला वेगळा बर्थ हवा तर पूर्ण तिकीट पडतं, हे ताईला गेल्या वर्षी धाकट्याच्या वेळी कळलं आणि तिने त्यावर मला अर्धा तास फोन केला. सांगायचा मुद्दा असा की पाहुणे रात्रभर प्रवास करून येणार असतील तर दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला गाडीत कोंबू नका. मध्ये एक दिवस घरी. आम्ही २०२३ ला ही चूक केली आणि वाई यायच्या आधी दोन भांडणं झाली, एक पोरांचं आणि एक मोठ्यांचं.

दुपारी १२ ते ४

महाबळेश्वर थंड असतं हे अर्धसत्य आहे. साडेचार हजार फुटांच्या आसपास उंची आहे, सकाळ-रात्र मस्त, पोरांना पहाटे स्वेटर लागतो, सासूबाईंनी तर शाल काढली होती. पण मे महिन्याच्या भर दुपारी उन्हात तीसच्या वर जातंच. सावलीत बरं वाटतं, उघड्या पॉइंटवर नाही. आणि पॉइंट म्हणजे काय, गाडीतून उतरा, चाला, दरी बघा, परत चाला. तीन वर्षांच्या पोराला दरी दिसत नाही हो. त्याला माकड दिसतं आणि माकडाला त्याच्या हातातला कणीस दिसतो. ऑर्थर सीटला गेलो तर मोठी माणसं खूश, सासरे जावळीचं खोरं दाखवून अफझलखान कुठून आला ते सांगतायत, आणि पोरं खाली बसून खडे गोळा करतायत, खडे तर आमच्या सोसायटीत पण आहेत.

मग १२ वाजता हॉटेलवर परत. आणि इथे खरा घोळ. तीन खोल्या, तीन टीव्ही, चार पोरं. गादीवर उड्या, खालच्या मजल्यावरून फोन, "मॅडम जरा आवाज कमी." त्या तीन दुपारी मी आयुष्यात विसरणार नाही. हॉटेल चांगलं होतं, नाव घेत नाही, पण त्याला सावलीतली मोकळी जागाच नव्हती, एक लॉन होतं ते उन्हात. तेव्हा महाबळेश्वरला जायचं तर खोल्या न घेता बंगला घ्या, झाडाखाली अंगण आणि व्हरांडा असलेला, गावाच्या जरा बाहेर, पाचगणी-भिलारकडे बघितलात तर अजून बरं. बंगल्यात दुपारी पोरं झाडाखाली खेळतात आणि मोठे व्हरांड्यात घोरतात.

आणि अजून एक, मेमध्ये स्ट्रॉबेरी मिळेल म्हणून पोरांना आशा लावू नका. शेतातली खरी मजा डिसेंबर ते मार्च-एप्रिल. मेमध्ये तुती, जांभळं, करवंदं असतात, स्ट्रॉबेरी विथ क्रीम मिळतं पण शेतात जाऊन तोडायची म्हणाल तर हंगाम संपलेला असतो. ताईच्या मोठीने टोपली घेऊन आणली होती नागपूरहून. टोपली.

कोकणात दुपार म्हणजे काय विचारता. घाम आहे, प्रचंड घाम आहे, पारा ३४ च दाखवतो पण अंगाला चिकचिक अशी की पोरांना दुसऱ्या दिवशी घामोळं. नागपूरची माणसं ४५ डिग्रीत वाढलेली, पण तो कोरडा उन्हाळा, त्यांना घाम या गोष्टीची सवय नाही, ताईचे मिस्टर पहिल्या दिवशी तीन वेळा आंघोळ करून आले आणि म्हणाले, "वहिनी, इथे कूलर लावत नाहीत का हो?" दमट हवेत कूलर लावून काय होणार, अजून चिकट. पण घर कौलारू, माजघरात अंधार आणि जमीन सारवलेली, तिथे उघड्या अंगाने पोरं आडवी पडली की झोपतातच. झोपली नाहीत तर पडवीत आंबे. रायवळ आंब्यांची पाटी मध्ये ठेवायची, पोरांचे कपडे काढायचे आणि सोडून द्यायचं, नंतर सगळ्यांना विहिरीपाशी उभं करून पंपाच्या पाइपने धुवायचं. एक दुपार गेली. दुसऱ्या दुपारी आई फणस फोडते तेव्हा हाताला तेल लावून गरे काढायचे. तिसऱ्या दुपारी आंबापोळीचा रस ताटात ओतायचा आणि ताट उन्हात ठेवून कावळे हाकलायचं काम पोरांना द्यायचं, त्यांना वाटतं केवढी जबाबदारी. नऊ दिवसांत कोणी टीव्ही मागितला नाही. मागितला असता तरी काय, लाईट कुठे होती, दुपारची जायची ती संध्याकाळी यायची.

एक काळजी मात्र घ्या, आणि ही मी गंमतीत सांगत नाहीये. अंधार पडल्यावर पोरांच्या पायात चप्पल आणि मोठ्यांच्या हातात बॅटरी हवीच. पाचोळ्यात, दगडी गडग्याजवळ, लाकडांच्या ढिगाशी हात घालू द्यायचा नाही. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं म्हणजे छोटा विषारी साप असतो, विंचू असतात, गावच्या पोरांना ते माहिती असतं, शहरातल्यांना नाही. रात्री अंथरुण झटकून घालायचं. माझी आई हे तीनदा सांगते, मी पण आता तीनदा सांगते.

आणि पुण्यात घरी? घरची दुपार सगळ्यात वाईट, सरळ सांगते. टू बीएचकेमध्ये दहा माणसं, महापालिकेच्या बऱ्याचशा बागा दुपारी बंद, गच्ची तापलेली, मग एसी लावलेल्या एका खोलीत चार पोरं आणि एक टॅबलेट. कोणाला कोणता व्हिडिओ यावरून जे सुरू होतं ते संध्याकाळी पाचपर्यंत. त्यातल्या त्यात सासूबाईंनी वाळवणं काढली ते बरं झालं, पोळपाट लहान मुलांनाही दिले, पापड लाटले, चिकवड्या घातल्या, दोन दिवस निघाले. तिसऱ्या दिवशी पाऊस. मागच्या वर्षीचा मे आठवतोय ना, २० तारखेनंतर जो धरला तो सोडेचना, मान्सूनच २५-२६ मेला कोकणात आणि पुण्यात येऊन बसला. कुरडया घरभर पंख्याखाली पसरलेल्या आणि त्यातून पोरं लंगडी घालत चाललेली.

पण सकाळ-संध्याकाळला पुणे काही वाईट नाही बरं का. आपल्याला वाटतं त्यात काय बघायचं, पाहुण्यांना तसं नसतं. पेशवे पार्कातली फुलराणी, १९५६ सालापासून चालतेय, माझे सासरे लहानपणी बसले होते आणि आता नातवंडांबरोबर परत बसले, पोरांपेक्षा तेच जास्त खूश. कात्रजचं प्राणिसंग्रहालय, बुधवारी बंद असतं तेवढं लक्षात ठेवा, आम्ही गेटवरून परत आलोय. केळकर म्युझियम लहान पोरांना झेपत नाही पण दहाच्या पुढच्यांना आवडतं. आणि सगळ्यात स्वस्त करमणूक म्हणजे मेट्रो. वनाजहून बसायचं, सिव्हिल कोर्टला बदलायचं, तिथे जमिनीखाली खोल खोल उतरणारे सरकते जिने, स्वारगेटला जायचं आणि परत यायचं. ना ऊन ना घाम. नागपूरला मेट्रो आपल्या आधीपासून आहे हे आतोबांनी, म्हणजे ताईच्या मिस्टरांनी, चार वेळा सांगितलं, ते सोडून सगळं छान झालं.

ओट्यापाशी कोण

महाबळेश्वरला हा प्रश्नच नाही, कोणीच नाही. सासूबाई सकाळी खुर्चीत बसून चहा मागवत होत्या, असा चहा त्यांना बऱ्याच वर्षांनी मिळाला असेल. फक्त लहान बाळ असेल तर हॉटेलच्या वरण-भातावर विसंबू नका, "कमी तिखट" सांगितलं तरी त्यांचं कमी आणि आपलं कमी यात फरक असतो. मी छोटा राइस कुकर नेला होता, मुगाची डाळ-तांदूळ आणि तुपाची बाटली, पोरीचं भागलं. शेवटच्या दिवशी मोठी माणसं पण येऊन विचारायला लागली, "खिचडी उरलीय का?"

कोकणात मात्र हा प्रश्न नाजूक. बघा, ते माझं माहेर आहे. म्हणजे माझ्यासाठी सुट्टी, पण माझ्या आईसाठी विहीणबाई, व्याही, जावई आणि जावयाची बहीण-मेव्हणे अशी सगळी मानाची माणसं एकदम घरात. आई पहाटे पाचला उठायची. घावन, मग तांदळाच्या भाकऱ्या, दुपारी सोलकढी, संध्याकाळी परत काहीतरी, एक दिवस मोदक, दहा पाहुणे अधिक घरची पाच. सासूबाई बिचाऱ्या "मी काही करू का" विचारायच्या तर आई म्हणायची, "छे छे, तुम्ही बसा," आणि दोघी अवघडलेल्या. आई म्हणजे आईच, तिने तोंडातून शब्द काढला नाही. पण चौथ्या दिवशी माझ्या वहिनीने भांडी जरा जोरात ठेवली. मी ओळखलं. मी पण कोणाची तरी वहिनीच आहे.

मग मी काय केलं, गावातल्या एका काकूंना भाकऱ्या आणि भांडी या दोन कामांना सांगितलं, पैसे मी दिले, आईला आवडलं नाही पण चाललं. किराणा चिपळूणहून मीच भरला. आणि पुढच्या वेळेसाठी जे ठरवलं ते असं, झोपायला जवळच्या घरगुती निवासात दोन-तीन खोल्या घ्यायच्या, आता गुहागर, वेळणेश्वर, हेदवी सगळीकडे मिळतात, नाश्ता तिकडेच करायचा, आणि दुपारी-संध्याकाळी घरी यायचं. माहेर पण राहतं आणि वहिनी पण बोलते. स्वतःचं गाव असेल, बंद घर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मात्र पहिले दोन दिवस साफसफाईत जातात ते धरा. गाव नसेल तरी हरकत नाही, दापोलीजवळ मुरुड-कर्दे-आंजर्ले, इकडे गुहागर, घरगुती जेवण देणारे पुष्कळ आहेत, आधी फोन करून एवढंच विचारा, अंगणात झाड आहे का आणि दुपारी लाईट गेली तर काय करता.

पुण्यात घरी ओट्यापाशी मी. आणि ऑफिसचं लॅपटॉपवर अर्धं काम चालू. दहा दिवस पाहुणे आनंदात, आणि ते गेल्यावर मी दोन दिवस बोललेच नाही कोणाशी. यावर एकच उपाय मला सापडलाय, पोळ्या बाहेरून आणायच्या आणि कोणाला वाईट वाटेल याचा विचार करायचा नाही. नागपूरकरांना आपल्या आमटीतला गूळ आवडत नाहीच, ताईचे मिस्टर सावजी मसाल्याची पुडी बरोबरच आणतात, मग एक दिवस त्यांनाच ओटा दिला. तो दिवस माझा सगळ्यात भारी गेला. पोरांची तोंडं लाल झाली तो भाग सोडा.

समुद्र

याच्यावर वेगळं लिहायलाच हवं, कारण लोक लहान पोरं घेऊन येतात आणि काही बघत नाहीत. कोकणात जाण्याआधी कालनिर्णय उघडा. तिथी बघा. जुनी माणसं सांगतात की तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण म्हणजे सहा, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी भरलेलं. एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण दुपारी बाराच्या सुमाराला, म्हणजे संध्याकाळी ओहोटी. थोडं इकडे-तिकडे होतं, पण अंदाज येतो.

आता हे का सांगतेय. २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं, पुण्याचं १३ मेला, सासरे म्हणाले मत दिल्याशिवाय हलणार नाही, बरोबरच आहे, म्हणून आम्ही १४ ला निघालो. पोचलो तर दुसऱ्या दिवशी अष्टमी. पोरं बादल्या-फावडी घेऊन साडेपाचला किनाऱ्यावर, आणि पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं, वाळूच नाही खेळायला. सासरे म्हणाले, "एवढ्या लांब आलो ते पाणी बघायला?" मला कळेना याला उत्तर काय द्यायचं. मग जसजशी पौर्णिमा जवळ आली, २३ तारखेला होती, तसतशी संध्याकाळी वाळू मोकळी मिळायला लागली, शेवटचे दोन दिवस तर पोरांनी किल्ले काय, अख्खी गावं बांधली. तेव्हा लहान मुलांबरोबर संध्याकाळची वाळू हवी तर अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरा. पण याला दुसरी बाजू आहे, ह्याच दिवसांत उधाण असतं, ओढ जास्त असते, त्यामुळे खेळायचं वाळूत, पाण्यात घोट्यापर्यंत, आणि पाणी आत जायला लागलं असेल तेव्हा मोठ्यांनीसुद्धा आत जायचं नाही. गणपतीपुळ्याला देवळासमोर समुद्र किती जवळ आणि किती शांत वाटतो, पण तो धोक्याचा आहे, तिथे माणसं बुडलेली आहेत, पाट्या उगाच लावलेल्या नाहीत. आमच्याकडे नियम आहे, एका पोरामागे एक मोठं माणूस, आणि ते माणूस फोटो काढत नाही.

पैसे आणि आजारपण

पटकन सांगते. महाबळेश्वरच्या तीन रात्रींचे दहा माणसांचे साधारण ६५ हजार गेले, बोटिंग, घोडे, चिक्की सगळं धरून. टेबल लँडवर चार पोरं म्हणजे चार घोडे, एकाला बसवलं आणि दुसऱ्याला नाही असं करून बघा. कोकणात नऊ दिवसांचे ३५ च्या आत, त्यातले दहा तर आंब्याच्या पेट्यांचे जे वाटण्यातच गेले. घरी दहा दिवस राहून २५ कधी गेले कळलंच नाही, कारण तुळशीबाग घरापासून लांब नाही.

आजारपणाचा विचार केला तर पुणे सगळ्यात निर्धास्त, आपला डॉक्टर दोन गल्ल्या सोडून. कोकणात आमच्या गावाहून चिपळूण तास-सव्वा तास, त्याच्या पुढे डेरवणला मोठं हॉस्पिटल आहे, पण रात्री ताप चढला तर तो तास फार मोठा वाटतो. वर्षाच्या आतलं बाळ असेल किंवा ज्येष्ठांपैकी कोणाचं नुकतंच ऑपरेशन वगैरे झालेलं असेल तर मी कोकण सांगणार नाही, महाबळेश्वरपण विचार करूनच. पोरं अडीच-तीनच्या पुढे गेली की मात्र कोकणाला तोड नाही, आणि हे मी माहेर आहे म्हणून म्हणत नाहीये. बरं, थोडं म्हणतेय.

तारखा जुळवणं

खरी डोकेदुखी ही. माझा मोठा स्टेट बोर्डाच्या शाळेत, त्याची सुट्टी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे आठवडाभर उशिरा उघडतात, त्यामुळे ताईला वाटतं जूनमध्ये येऊ, भरपूर वेळ आहे. जूनमध्ये कोकणात काय करणार? बोटी १ जूनपासून बंद, मासे नाहीत, हापूस संपलेला, गावातली माणसं आगोटीच्या कामात, कौलं शाकारणं, लाकडं आत भरणं, तिथे दहा पाहुणे म्हणजे त्यांना वैताग. गेल्या वर्षीचा पाऊस बघितल्यापासून मी तर म्हणते २० मेच्या आत कोकण उरका. आणि ज्यांचे दीर-नणंद अमेरिकेत आहेत त्यांना वेगळीच गंमत, न्यू जर्सीकडच्या शाळाच जूनच्या २० तारखेपर्यंत चालतात, तिकडचा समर म्हणजे आपला पावसाळा, माझा दीर जुलैत येतो आणि विचारतो बीचवर जायचं का. त्यांच्यासाठी पुण्यातलं घर आणि एखादा दिवस सिंहगड, पिठलं-भाकरी, झुणका, दही, भिजून परत. पोरांना पाऊस हीच सुट्टी.

यंदाचं सांगू का. यंदा अधिक महिना आलाय, १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ, धोंड्याचा महिना. म्हणजे माझ्या आईला तिचा जावई कोकणात हवा, आणि सासूबाईंना त्यांचा जावई पुण्यात हवा, दोघींनाही तेहतीस अनारशांचं वाण द्यायचंय आणि दोघींचे जावई एकाच गाडीत बसणार आहेत. मार्चभर यावरच चर्चा. शेवटी असं ठरलंय: ताई ११ ला पुण्यात, एक दिवस आराम, १३ ला कोकण, १६ ला अमावास्या आहे म्हणजे संध्याकाळी वाळूच वाळू, १७ ला आई आमच्या ह्यांना वाण देणार, १९ ला परत, आणि २१ ला पुण्यात सासूबाई आतोबांना देणार. राहायला घरगुती निवास, तीन खोल्या, अंगणात आंबा आणि फणस दोन्ही आहेत, इन्व्हर्टर आहे असं म्हणालेत. अनारशाचं पीठ आईने आत्ताच विचारलं, पाठवू का तिकडच्यासाठी पण. सासूबाई म्हणाल्या नको, आमचं आम्ही करू. मी दोघींनाही हो म्हटलंय.